उपासनी ग्लोबल, श्रीगोंदा वगळून

१६ जून २०२५, सोमवार

उन्हाळी सुट्टीनंतर कोर्टाचा दुसरा आठवडा सुरू झाला. पण आजची खरी बातमी कोर्टातली नाही. सकाळी चहा घेताना मोबाईलवर एक लेख वाचला. विषय, आशियाई लॉ फर्म्सनी परदेशात विस्तार कसा करावा. पहिल्याच परिच्छेदात लक्षात आलं की हा लेख माझ्यासाठी लिहिलेला आहे. मी आशियाई आहे. माझी लॉ फर्म आहे. आणि मी अजून परदेशात विस्तार केलेला नाही.

दुपारी बाररूममध्ये खुर्शीदला सांगितलं. खुर्शीद तांबोळी माझा पार्टनर. लॉ कॉलेजपासून बरोबर आहोत. 'उपासनी अँड तांबोळी' या नावात डोकं माझं आणि पाय त्याचे, अशी साधारण वाटणी आहे. तो म्हणाला, परदेश लांब आहे, आधी पारनेरला विस्तारून बघू.

माणूस चांगला आहे. नजर तालुक्यापुरती.

संकल्प : उद्यापासून रोज पहाटे एक तास इंटरनॅशनल लॉ.

१७ जून, मंगळवार

उठायला उशीर झाला. पण इंटरनॅशनल लॉमध्ये घाई करून चालत नाही.

१९ जून, गुरुवार

लेख पुन्हा वाचला. परदेशात जायचे मार्ग तीन. तिथं स्वतःचं ऑफिस काढायचं. नाहीतर तिथल्या एखाद्या फर्मशी हातमिळवणी करायची. नाहीतर काम निघेल तेव्हा विमानानं जायचं आणि काम करून परत यायचं. मोठमोठ्या फर्म्स म्हणे हा तिसरा मार्ग धरतात.

बायकोला, नीलांबरीला, वाचून दाखवलं. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत घर्षण असतंच असं तिचं मत आहे. म्हणाली, अहो, हे तर खुर्शीदभाऊ दर गुरुवारी करतात. विमानाऐवजी एस.टी.नं.

रोख श्रीगोंद्याकडे होता. तिथल्या तालुका कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली आमच्या फर्मचं एक टेबल आहे. दर गुरुवारी खुर्शीद तिथं जाऊन बसतो. निम्मे पक्षकार त्या टेबलावरून येतात असं तो म्हणतो. मी त्या टेबलाकडे आजवर स्ट्रॅटेजीच्या नजरेनं पाहिलेलं नव्हतं. आता पाहणार आहे.

२४ जून, मंगळवार

फर्मचं नाव बदललं. 'उपासनी ग्लोबल'. परदेशी माणसाच्या जिभेवर बसेल असं.

खुर्शीदनं विचारलं, यात माझं नाव कुठाय? मी समजावलं की ग्लोबलमध्ये सगळे येतात. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे मी आणि टांझानिया.

विनोदबुद्धी आहे त्याला. लेटरहेड छापायला टाकली. जुन्या लेटरहेडवर अजून अहमदनगर आहे, ती अशीही बदलायचीच होती.

२ जुलै, बुधवार

मोठा निर्णय. श्रीगोंद्याचं टेबल बंद. लेखात स्पष्ट म्हटलंय की बाहेर पाऊल टाकण्याआधी घरातला पसारा आवरा. सिंगापूरचा क्लायंट आमच्याकडे बघणार आणि त्याला काय दिसणार? पत्र्याचं शेड, खाली झोपलेलं कुत्रं आणि चहाच्या कपात बुडवून बिस्कीट खाणारा पार्टनर.

खुर्शीदनं हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. मग म्हणाला, तिथं येणाऱ्या माणसांनी आता कुठं यायचं? मी म्हटलं, वेबसाईटवर. तो म्हणाला, भागूबाईनं पण?

भागूबाई आमची श्रीगोंद्याकडची पक्षकार. बापाच्या उसाच्या रानात वाटा मिळावा म्हणून तिनं भावावर दावा लावलाय. भाऊ आप्पासाहेब म्हणतो, बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलंय. भागूबाई म्हणते, दिवाळीला माहेरी गेले तेव्हा पीकविम्याचा कागद म्हणून सही घेतली. साक्षीपुरावे सगळे खुर्शीदनं उरकलेत. आता फक्त शेवटचा युक्तिवाद राहिलाय. ती बाई पैशाबद्दल कधी बोलत नाही. तिचं एकच पालुपद. बापाच्या रानात पाय ठेवायचा तर कुनाला इचाराय लागू नये.

खुर्शीदचा चेहरा बघून मी म्हणालो, भागूबाईचा युक्तिवाद मी स्वतः श्रीगोंद्याला जाऊन करीन. तो म्हणाला, तू? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, मागल्या वेळेलाच जजसाहेबांनी शेवटची संधी म्हणून लिहिलंय, एवढं ध्यानात ठेव.

शब्द दिलाय. उपासनीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

१० जुलै, गुरुवार

टेबल टेम्पोतून नगरला आणलं. ऑफिसच्या खिडकीजवळ ठेवून त्याला 'सिंगापूर डेस्क' असं नाव दिलं. एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठा घातला.

खुर्शीद आज सवयीनं श्रीगोंद्याला गेलाच. टेबल नाही म्हणून कोर्टाच्या पायरीवर बसला. लोक पायरीवर आले. संध्याकाळी मी त्याला सांगितलं की अशानं ब्रँड खाली येतो. तो म्हणाला, पायरीवर बसलो होतो, अजून खाली कसा येणार?

१८ जुलै, शुक्रवार

दुबई उघडली!

खुर्शीदच्या बहिणीचा मुलगा उझैर दुबईत असतो. त्याला थेट मेसेज टाकला की आम्ही तुझी आमच्या दुबई डेस्कचा प्रमुख म्हणून नेमणूक करत आहोत. त्यानं अंगठा पाठवला. नंतर लिहिलं, मामू, मी गोडाऊनमध्ये आहे. मला वाटलं आत्ता आहे. नंतर कळलं, नोकरीच गोडाऊनमध्ये आहे. हरकत नाही. लॉजिस्टिक्सचा अनुभव ग्लोबल फर्मला लागतोच.

डेस्कची चौकशी केली. खोलीत डेस्क नाही. पलंग आहेत, एकावर एक. त्याचा खालचा आहे. म्हणजे येणाऱ्याला टेकता येईल.

२४ जुलै, गुरुवार

भागूबाई एस.टी.नं आली. तिकडे टेबल दिसलं नाही म्हणून विचारत विचारत इथवर पोचली. आत आली आणि सिंगापूर डेस्ककडे बघून म्हणाली, ह्ये तर आपलंच टेबल हाय की ओ. ह्याचा पाय मीच आखूड केला हुता, शेळी बांधली हुती तव्हा.

मी विषय बदलला. तारीख २१ ऑगस्ट आहे, मी स्वतः येऊन युक्तिवाद करणार, असं सांगितलं. तिनं विचारलं, खुर्शीदभाऊ न्हाई का येनार? मी म्हटलं, त्या दिवशी ते संभाजीनगरला खंडपीठात आहेत, आणि मी त्यांच्यापेक्षा सीनियर आहे. ती म्हणाली, आसं का, बरं. 'बरं' जरा लांबवलं.

पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. सिंगापूर डेस्कवर पहिली आवक.

२ ऑगस्ट, शनिवार

माळीवाडा स्टँडसमोर फ्लेक्स लागला. धवलनं डिझाईन केला. धवलची फ्लेक्सची प्रेस आहे, शहरातले सगळे वाढदिवस त्याच्या हातून जातात. मधोमध पृथ्वीचा गोल, गोलापेक्षा थोडा मोठा मी. वर ठळक अक्षरांत 'सिंगापूर, दुबई, अहिल्यानगर'. खाली 'आंतरराष्ट्रीय झेपेबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि शुभेच्छुकांचे फोटो. फ्लेक्स मीच लावला असं दिसू नये म्हणून शुभेच्छुक घातले. उझैरचा फोटो मिळाला नाही म्हणून धवलनं इंटरनेटवरून एक पांढऱ्या झग्यातला, गॉगलवाला अरब लावला आणि खाली उझैर लिहिलं.

वकिलानं जाहिरात करायची नसते, हे मला शिकवायची गरज नाही. ही जाहिरात नाही. हे अभिनंदन आहे.

नीलांबरी रिक्षातून येताना बघून आली. म्हणाली, आफ्रिका तुमच्या कोपराखाली गेलीय.

४ ऑगस्ट, सोमवार

उझैरच्या आईचा, मेहरीनआपांचा, खुर्शीदला फोन. त्या बाजारात निघाल्या होत्या. चौकात फ्लेक्स बघून जागच्या जागी थांबल्या. माझ्या पोराच्या नावावर हा कोण उभा केलाय, पोरगं ठीक आहे ना, म्हणून रडायला लागल्या. खुर्शीदनं अर्धा तास समजावलं. मग फोन ठेवून माझ्याकडे वळला.

मी म्हटलं, बघ, ब्रँड रिकॉल.

७ ऑगस्ट, गुरुवार

कुणीतरी तक्रार केली. बार कौन्सिलकडून जाहिरातीबद्दल खुलासा मागणारी नोटीस आली. बारमधल्या मत्सराची मला कल्पना होतीच, पण एवढी नव्हती. फ्लेक्स उतरवला. खुलासा खुर्शीदनं लिहून दिला. चांगला लिहिलाय, पण 'बिनशर्त दिलगिरी' हे शब्द मला पटले नाहीत. सही केली.

फ्लेक्स धवल परत घेईना. नीलांबरीनं गच्चीत वाळवणावर घालायला ठेवलाय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सिंगापूरहून ईमेल!!

आशियाई लॉ फर्म्सच्या परदेश विस्तारावर वेबिनार. 'प्रिय सहकारी' असं संबोधन आहे. म्हणजे तिकडे आपण सहकारी झालो. पुढच्या आठवड्यात गुरुवारी, आपल्या घड्याळानं सकाळी साडेअकराला. नाव नोंदवलं. हुद्द्यासमोर मॅनेजिंग पार्टनर. देश विचारला होता तिथे भारत निवडावं लागलं, अहिल्यानगर यादीत नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एक छोटा तिढा. वेबिनारचा गुरुवार म्हणजे २१ ऑगस्ट. भागूबाईचा युक्तिवादही २१ लाच.

शांतपणे विचार केला. युक्तिवाद एकाच खोलीत, एकाच न्यायाधीशासमोर, एकाच आप्पासाहेबाविरुद्ध. वेबिनारला अख्खा आशिया. तारीख काय, पुढची मिळते. आपल्या न्यायव्यवस्थेत दुसरं काही मिळालं नाही तरी तारीख मिळते. शेवटची संधी असं जजसाहेब लिहितात ते धाक म्हणून लिहितात. मी तीस वर्षं बघतोय.

खुर्शीदला सांगावं असं मनात आलं. पण तो खंडपीठाच्या तयारीत आहे. उगीच त्रास कशाला.

२० ऑगस्ट, बुधवार

सगळी व्यवस्था चोख. श्रीगोंद्याचे ॲड. वैजनाथ, बोलका माणूस, ते माझ्या वतीनं मुदतीचा अर्ज देणार. अर्जात नेहमीचं कारण घातलं. वकील तापानं आजारी, डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आहे. आमच्या बारमध्ये वकिलांना ताप फार येतो आणि नेहमी तारखेच्या दिवशीच येतो. कोर्टही समजून घेतं. वेबिनार असं कारण लिहिलं असतं तर ते खरं असूनही वाईट दिसलं असतं.

मग भागूबाईला फोन केला. तिला मात्र ताप सांगितला नाही. म्हातारी काळजी करत बसली असती. सांगितलं की सिंगापूरची मोठी मीटिंग आहे, उद्याचं काम पुढच्या तारखेला करू. ती म्हणाली, शिंगापूर म्हंजी लई लांब आसंल. मी म्हटलं, आहे थोडं. ती म्हणाली, जपून जावा, पान्याची बाटली घ्या. मग म्हणाली, पर तारीख तर श्येवटची हाय म्हनले हुते भाऊ. मी म्हटलं, मी आहे ना.

आपला वकील सिंगापूरच्या मीटिंगला जातो याचा तिला अभिमान वाटला असणार.

२१ ऑगस्ट, गुरुवार, दुपारी दीड

वेबिनार झाला. वरती कोट-टाय, खाली पायजमा. कॅमेरा तेवढाच दाखवतो.

पाचशेच्या वर लोक. माझा माईक त्यांनी बंद ठेवला होता, सगळ्यांचाच होता. चॅटमध्ये प्रश्न टाकला की मध्यम शहरातल्या दूरदृष्टीच्या फर्मनं सुरुवात कुठून करावी. मधेच वीज गेली. मोबाईलच्या नेटवरून परत आलो तोवर उत्तर देऊन झालं होतं. फक्त शेवटचे शब्द कानावर पडले. थँक यू, मिस्टर उपासनी फ्रॉम अहमदाबाद.

माझं नाव सिंगापूरमध्ये उच्चारलं गेलं. गावाचं बघू पुढे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वैजनाथांचा फोन. ते बोलण्यापेक्षा हसतच जास्त होते, त्यामुळे कळायला वेळ लागला.

अर्ज दिला. जजसाहेबांनी वाचला. म्हणाले, शेवटची संधी दिली होती, तरी ताप आलाच? मग पक्षकार हजर आहे का विचारलं. भागूबाई पुढे झाली. त्यांनी विचारलं, तुमचे वकील फार आजारी आहेत का? तिनं हात जोडले आणि सांगितलं, सायेब शिंगापूरला गेलेत, लई मोठी मीटिंग हाय, त्यांनी सोत्ता फोन करून सांगितलंय. अख्खं कोर्ट हसलं. आप्पासाहेबाचा वकील उठून म्हणाला, महाराज, तापाला बराच लांबचा प्रवास घडलेला दिसतो. जजसाहेब तेवढे हसले नाहीत. अर्ज फेटाळला. आप्पासाहेबाच्या वकिलाचं बोलणं ऐकून घेतलं, भागूबाईच्या बाजूनं बोलायला कुणी नाही अशी नोंद केली आणि दावा निकालासाठी ठेवला.

म्हणजे तिची बाजू कुणी मांडलीच नाही.

लोक हसत होते तेव्हा ती काय करत होती, असं मी वैजनाथांना विचारलं. ते म्हणाले, काही नाही, उभी होती. आता मी बसू का, असं जजसाहेबांना विचारलं तिनं.

चूक शोधायची तर ती निरोपाच्या पातळीवर आहे. क्लायंटनं कोर्टात काय बोलावं याचं प्रशिक्षण द्यायला हवं. नोंद करून ठेवली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

खुर्शीद रात्रीच परतला होता. त्याला वाटेतच कळलं होतं. वैजनाथांचा आवाज संभाजीनगरपर्यंत पोचतो.

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे मुद्दे तयार होते. त्यानं एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंस. मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. तो म्हणाला, मी खंडपीठातली तारीख बदलून घेतली असती रे, मला खरोखर ताप आला असता तरी गेलो असतो. मग कपाटातून भागूबाईची फाईल घेतली आणि श्रीगोंद्याच्या गाडीला गेला.

माझा जेवणाचा डबा तसाच राहिला. नीलांबरीनं विचारलं तेव्हा सांगितलं, काम वाढलंय.

२६ ऑगस्ट, मंगळवार

खुर्शीदनं अर्ज करून, जजसाहेबांची माफी मागून परवानगी मिळवली. काल त्यानं युक्तिवाद केला. वैजनाथ सांगत होते की दोन तास बोलला आणि हक्कसोडपत्राच्या अक्षरशः चिंध्या केल्या. पीकविम्याची मुदत त्या दिवाळीच्या कितीतरी आधीच संपलेली होती, म्हणजे सही घेताना सांगितलेलं कारणच खोटं, हेही काढलं त्यानं.

माफी त्यानं माझ्या वतीनं मागितली की स्वतःच्या, हे वैजनाथांना आठवेना.

एकूण बघता फर्मची यंत्रणा माझ्याशिवायही चालते हे सिद्ध झालं. लेखात याला फार महत्त्व दिलंय.

३ सप्टेंबर, बुधवार

खुर्शीद आज फर्ममधून बाहेर पडला.

त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण ते अन्यायाचं आहे. म्हणाला, नाव तू काढलंसच होतंस, आता माणूस मी काढून घेतो.

मी खूप समजावलं. सिंगापूर डेस्क तुला देतो म्हटलं. तो म्हणाला, ते टेबल माझंच आहे रे, ते न्यायलाच टेम्पो आणलाय.

पक्षकारानं वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्याची 'ना हरकत' सही लागते. श्रीगोंद्याकडच्या सगळ्या पक्षकारांची वकीलपत्रं त्यानं पुढे ठेवली. एकेक सही करत गेलो. मधे एका कागदावर भागूबाईचं नाव आलं. तिथं पेन अडखळलं. शाई संपली असेल. खुर्शीदनं खिशातलं त्याचं पेन दिलं.

अशा प्रकाराला मोठ्या फर्म्समध्ये डीमर्जर म्हणतात. सगळीकडे होतं.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, बी.पी.ची गोळी सकाळची घेत जा, विसरतोस. टेबल त्यानं आणि टेम्पोवाल्यानं उचललं. मीही एक कोपरा धरायला गेलो, पण तोवर ते जिन्यात गेलं होतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिस प्रशस्त वाटतं. खिडकीशी नवं टेबल घ्यावं का?

९ सप्टेंबर, मंगळवार

घेतलं नाही. बसणार कोण.

गोळी दोन दिवस विसरलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

देवाच्या घरी देर आहे! सिंगापूरहून ईमेल, आणि या वेळी खरा. तिथली खरीखुरी लॉ फर्म. त्यांच्या क्लायंटनं श्रीगोंदा तालुक्यात एका साखर कारखान्याला मशिनरी दिलीय, त्यावरून वाद झालाय. वेबिनारच्या यादीत माझं नाव सापडलं म्हणे. पत्रात एकच प्रश्न. आपली श्रीगोंदा येथे उपस्थिती आहे काय? स्थानिक कोर्ट, स्थानिक माणसं, भाषा यांची रोजची माहिती असलेली फर्म हवी आहे.

रात्र होईपर्यंत उत्तर लिहीत होतो. आम्ही एक जागतिक दृष्टी असलेली फर्म आहोत इथपासून सुरुवात केली. श्रीगोंद्याबद्दल लिहिलं की तिथली उपस्थिती आम्ही अलीकडेच धोरणात्मकदृष्ट्या आवरती घेतली आहे, मात्र आमचं दुबईत डेस्क आहे.

नीलांबरीनं वाचलं. म्हणाली, पाठवताय? मी म्हटलं, पाठवलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सिंगापूरचं उत्तर. आभार. त्यांना योग्य व्यक्ती मिळाली आहे, कोर्टाच्या आवारातच बसते. नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

वैजनाथांनी नंतर फोन करून सांगितलंच. पत्र्याच्या शेडखाली खुर्शीद लॅपटॉपवर सिंगापूरच्या लोकांशी बोलत होता आणि कॅमेऱ्यात मागून शेळी जात होती. तिकडच्या बाईनं विचारलं, हे काय आहे? खुर्शीद म्हणाला, आमची रिसेप्शनिस्ट. हसले म्हणे सगळे.

फोन करून अभिनंदन करावं. नंबर काढला. उद्या करू, त्याची कामाची वेळ असेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

उद्या.

३० सप्टेंबर, मंगळवार

भागूबाईच्या दाव्याचा निकाल लागला. वाटा मंजूर. मला बाररूममध्ये चहा पिताना दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यात कळलं. दावा मुळात 'उपासनी अँड तांबोळी'नं लावलेला, त्यामुळे यशात आमचा वाटा आहे. वेबसाईटवर टाकायला धवलला सांगणार होतो. सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी ऑफिसात एकटाच होतो. दारात चपला वाजल्या. भागूबाई.

नगरला भाचीकडे आली होती. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाली, खुर्शीदभाऊचं त्वांड त्याच दिवशी गोड केलं, तुमचं ऱ्हायलं हुतं. मी अभिनंदन म्हणालो. रानात गेलात का, विचारलं. म्हणाली, गेल्ते की. बांधावर बसून भाकर खाल्ली. आप्पा लांबून बघत हुता, त्यालाबी हाक मारली, पर आला न्हाई. यील.

मग मी फर्मच्या कामगिरीबद्दल बोलायला लागलो. तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लई वाळलात, म्हणाली. मी म्हटलं, कामाचा ताण.

तिनं मान हलवली. म्हणाली, त्या दिशी कोरटात समदे दात काढत हुते, मला लई वंगाळ वाटलं बगा. कागुदात ताप लिवलेला आन् म्या शिंगापूर म्हनले, तर हासायचं काय त्यात? गावाला गेल्यालं मानूस आजारी पडत न्हाई व्हय? म्या यस्टीत समद्यास्नी सांगितलं, सायेब तिकडं ग्येले आन् तिकडंच पडले. पानी बदाललं की हुतंच आसं. श्रीगोंद्याच्या शेख महंमद बाबाला नारळ बोलले हुते तुमच्यासाठी. परवा फोडला.

  वर पंखा फिरत होता.

मग तिनं विचारलं, परक्या मुलखात आंगात ताप, जवळ कोन हुतं का पानी द्यायला?

खिडकीशी टेबलाच्या पायांच्या खुणा अजून आहेत फरशीवर. तिकडे बघत राहिलो.

कोणी नव्हतं, म्हणालो.

तरीच, असं म्हणून तिनं पुड्यातला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. खावा, म्हणाली. तापाचं त्वांड आसतं, हळूहळू चव यील.